परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) बॉन्डची अट मोडली तर काय होते? आणि ‘सामुदायिक सेवा’ म्हणजे तेच का?

गोदाकाठ

गावातल्या दोन मुलांबद्दल विचारायचे आहे. प्रकरणे वेगळी आहेत, पण गावात दोन्हींना ‘कोर्टाने सोडून दिले’ असेच म्हणतात.

पहिला मुलगा २३ वर्षांचा. २०२३ मधल्या भांडणात भा.दं.वि. ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत) लागले. जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाने दोषी धरले, पण प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्टच्या कलम ४ खाली दोन वर्षांच्या बॉन्डवर सोडले. बॉन्ड १५,००० चा, जामीनदार चुलते, परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख. अटी अशा: दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अधिकाऱ्यांकडे हजेरी, परवानगीशिवाय राहते ठिकाण बदलायचे नाही, दारू नाही. शिवाय जखमीला ८,००० भरपाई. आठ महिने सुरळीत गेले. मग चाकणला कंत्राटी काम लागले आणि तो कोणाला न सांगता गेला. दोन हजेऱ्या चुकल्या, भरपाईचे ३,००० बाकी. घरी अजून कागद आलेला नाही.

दुसरा १९ वर्षांचा. गेल्या वर्षी साडेचार हजारांचा मोबाइल चोरला, परत केला. त्याला ३० दिवस रोज दोन तास ग्रामपंचायतीत स्वच्छतेचे काम सांगितले आहे.

दोघांनाही अट मोडल्यास थेट जेल आहे का? पहिल्याने आता नेमके काय करावे? जामीनदाराचे काय?

---

कलमदान

दोन्ही आदेशांची कलमे वेगळी आहेत आणि मोडल्यावर काय होणार ते कलमच ठरवते. मी पहिल्या मुलाचे सांगतो.

त्याची शिक्षा माफ झालेली नाही. ती अजून सुनावलेलीच नाही. कलम ४(१) मध्ये आरोपी लिहून देतो की मुदतीत कोर्ट बोलावेल तेव्हा येऊन शिक्षा घेईन, आणि तोवर शांततेने व चांगल्या वर्तनाने राहीन. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकते. दोष सिद्ध झालेलाच आहे. ३२४ ला कमाल तीन वर्षे कैद आहे आणि तिथपर्यंतची कुठलीही शिक्षा देणे अजून कोर्टाच्या हातात आहे. आठ महिने अटी पाळल्या म्हणून शिक्षेतून आठ महिने वजा होत नाहीत. वजा होतात ते फक्त खटल्याच्या काळात प्रत्यक्ष कोठडीत काढलेले दिवस.

अट मोडल्यावरची प्रक्रिया कलम ९ मध्ये आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून ‘किंवा अन्यथा’ कोर्टाला अट मोडल्याचे वाटले, तर कोर्ट वॉरंट काढू शकते किंवा आरोपी व जामीनदार दोघांना समन्स काढू शकते. ‘किंवा अन्यथा’ हे शब्द लक्षात ठेवा. फिर्यादीनेही अर्ज देऊन कळवले तरी चालते. गावात वैर शिल्लक असेल तर हाच रस्ता आधी वापरला जातो. हजर झाल्यावर, प्रकरण संपेपर्यंत कोठडी की जामीन हे कोर्ट ठरवते. मग दोन्ही बाजू ऐकून अट मोडल्याची खात्री झाली, तर ९(३) मध्ये दोन वाटा आहेत: मूळ गुन्ह्याची शिक्षा लगेच सुनावणे, किंवा चूक पहिल्यांदाच असेल तर बॉन्ड तसाच चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड.

हो, पन्नासच. १९५८ च्या कायद्यातला आकडा आहे आणि तो कोणी बदललेला नाही. पण तो पाहून हसू नये. ते ५० रुपये ठरवून दिलेल्या मुदतीत भरले नाहीत, तर ९(४) खाली त्याच कारणाने मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. आणि दुसऱ्यांदा अट मोडली की दंडाचा पर्याय कायद्यात उरत नाही.

म्हणजे थेट जेल नाही, पण सध्याची परिस्थिती नाजूक आहे. दोन हजेऱ्या आणि पत्ता, अशा दोन अटी मोडल्या आहेत. अहवालात ‘कामासाठी गेला, नंतर स्वतः भेटला’ असे येते की ‘ठावठिकाणा नाही’ असे येते, यावर समन्स की वॉरंट हे बहुतेक वेळा ठरते. समन्स बॉन्डवरच्या गावच्या पत्त्यावर येते. घरचे म्हणतात, ‘तो आता इथे राहत नाही.’ पोलीस तसाच शेरा मारतो, कागद परत जातो आणि पुढच्या तारखेला नॉन-बेलेबल वॉरंट निघते. त्या एका वाक्याने पत्त्याची अट मोडल्याचा पुरावाही घरच्यांनीच दिलेला असतो.

म्हणून कागद येण्याची वाट पाहू नये. त्याने याच आठवड्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांना समक्ष भेटावे. ही पदे महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाकडे आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय असते. सोबत लेखी अर्ज न्यावा: कामाचा प्रकार, कंत्राटदाराचे पत्र किंवा ओळखपत्र, चाकणच्या खोलीचा भाडेकरार, दोन हजेऱ्या का चुकल्या ते दोन ओळींत, आणि पुढे हजेरी कुठे देऊ शकतो. अर्ज दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. तोंडी ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुढे काही किंमत राहत नाही, कारण साहेबांची बदली होते.

अटी बदलण्याचे कलम ८ परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर चालते. आरोपीने परस्पर कोर्टात अर्ज टाकला की ‘अधिकाऱ्याचा अहवाल मागवा’ एवढाच हुकूम होतो आणि एक-दोन तारखा जातात. त्यामुळे अधिकाऱ्यांनाच विनंती करावी की राहण्याची अट बदलण्यासाठी कलम ८ खाली कोर्टात अर्ज द्यावा. चाकण पुणे जिल्ह्यात. तिथल्या अधिकाऱ्याकडे देखरेख द्यायची असेल तर कलम १३(२) उपयोगी आहे: आदेश देणारे कोर्ट किंवा आरोपी सध्या राहतो त्या जिल्ह्याचे जिल्हा दंडाधिकारी देखरेखीसाठी दुसरा अधिकारी नेमू शकतात. कलम १४ नुसार परिवीक्षेतल्या माणसाला गरजेप्रमाणे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. म्हणून नोकरी हे कारण अर्जात लाजत लिहू नये, ठळक लिहावे.

एक धोका माहीत असू द्या. कलम ८ मध्ये कोर्ट अटी वाढवूही शकते आणि मुदतही, फक्त मूळ आदेशापासून एकूण तीन वर्षांच्या पुढे नाही. दोनाचे तीन वर्षे होऊ शकतात. तरीही कलम ९ मध्ये अडकण्यापेक्षा हे परवडते.

---

ऐपतदार

जामीनदाराबद्दल. कलम १० मुळे जामीनदारांना फौजदारी प्रक्रियेतल्या बॉन्डच्या तरतुदी लागू होतात. पोरगा जेलमध्ये जाईल म्हणून चुलते जेलमध्ये जात नाहीत. पण बॉन्ड जप्त झाला तर त्यांना कारणे दाखवा नोटीस येते. उत्तर दिले नाही किंवा पटले नाही, तर बॉन्डमध्ये त्यांनी हमी घेतलेली रक्कम, इथे १५,०००, दंडासारखी वसूल होते. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४९१ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४४६) पाहा. वसूल होतच नसेल तर जामीनदाराला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. कारणे नोंदवून रक्कम कमी करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. त्यामुळे चुलत्यांनी नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, उत्पन्नाचा दाखला जोडावा आणि मुलाला हजर करण्यासाठी काय केले ते लिहावे. बहुतेक जामीनदार नोटीस ७/१२ च्या फायलीत ठेवून विसरतात आणि मग तलाठ्याकडून कळते.

कलम ८ खाली अटी बदलताना जामीनदारालाही ऐकून घ्यावे लागते. त्यांनी बदलाला संमती नाकारली तर कोर्ट मुलाकडून नवा बॉन्ड मागू शकते, आणि तो दिला नाही तर शिक्षा सुनावू शकते. म्हणजे चाकणचा अर्ज टाकण्याआधी चुलत्यांशी बोलणे आले. रुसलेला जामीनदार हा या कायद्यातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

भरपाईचे ३,००० हा वेगळा विषय. कलम ५ ची भरपाई दंडासारखी वसूल होते. ती बॉन्डच्या अटींतही लिहिली असेल तरच न भरणे ही अट मोडणे ठरते. आदेशाची नक्कल काढून बघा. एवीतेवी भरून टाका आणि नाझरची (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याची) पावती जपा. ९(३) च्या सुनावणीत ती पावती वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलते.

---

तिसरा_पुकारा

दुसऱ्या मुलाचे प्रकरण निराळे आहे. १ जुलै २०२४ पासून भा.दं.वि.च्या जागी लागू झालेल्या बीएनएसच्या (भारतीय न्याय संहितेच्या) कलम ४ मध्ये सामुदायिक सेवा ही स्वतंत्र शिक्षा आहे: मृत्युदंड, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि ही सहावी. म्हणजे पहिल्याची शिक्षा टांगून ठेवली आहे, दुसऱ्याला शिक्षा झालेली आहे.

ती सरसकट कुठल्याही गुन्ह्याला नाही. सहाच ठिकाणी आहे: सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे (२०२), फरारी उद्घोषणेनंतर हजर न होणे (२०९), अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), पहिल्याच वेळची ५,००० पेक्षा कमी किमतीची चोरी (३०३(२) चे परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अपवादाची तरतूद), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा (३५५) आणि बदनामी (३५६(२)). यांतल्या पाच ठिकाणी ती कैद किंवा दंडाला पर्याय आहे. फक्त चोरीच्या परंतुकात, वस्तू किंवा तिची किंमत परत केली की शिक्षा सामुदायिक सेवेचीच. म्हणून मोबाइल परत केल्याचा कागद, पंचनामा किंवा फिर्यादीची पोच, महत्त्वाचा. आणि किंमत नव्या मोबाइलच्या बिलाची लागली की वापरलेल्या मोबाइलची, यावर ५,००० ची रेषा ओलांडली जाऊ शकते. हा मुद्दा तपासातच मांडायचा असतो.

आता मोडल्यावर काय. व्याख्या बीएनएसएस २३ च्या स्पष्टीकरणात आहे: समाजाच्या उपयोगाचे काम, त्याबद्दल मोबदला नाही. तास किती, देखरेख कोणाची, हजेरी कशी, यातले काही त्या कलमात नाही. परिणाम बीएनएसच्या कलम ८ मध्ये आहेत. सेवा केली नाही तर कैद. ज्या गुन्ह्याला दंड किंवा सामुदायिक सेवा एवढीच शिक्षा आहे, तिथे ही कैद साधी असते. तिच्या मर्यादा दंडाच्या रकमेवर बेतल्या आहेत: ५,००० पर्यंत दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने, इतर बाबतीत एक वर्ष. सेवेला रक्कम नसते, म्हणून सरकार पक्ष ‘इतर बाबतीत’ म्हणून एक वर्ष मागू शकतो. माझ्या मते बचाव पक्षाने दोन महिन्यांचाच आग्रह धरावा, कारण हे परंतुकच मुळी ५,००० च्या आतल्या मालासाठी आहे.

आणखी एक फट. दंड न भरल्याने आत गेलेला माणूस दंड भरला की सुटतो, काही भाग भरला तर त्या प्रमाणात सुटतो. ही तरतूद ८(६) मध्ये दंडापुरती लिहिलेली आहे, तिथे सेवेचा उल्लेख नाही. ‘आत गेलो तर उरलेले दिवस झाडू मारून सुटेन’ या भरवशावर राहू नये.

व्यवहारात घोळ होतो तो आळसामुळे कमी, कागदामुळे जास्त. मुलगा ग्रामपंचायतीत जातो. तिथे कोर्टाचे पत्रच आलेले नसते, कोणी काम देत नाही, दिलेच तर सही कोणी करत नाही. तारखेला पूर्ततेचा अहवाल नसतो आणि कोर्टापुढे चित्र एकच: सेवा झाली नाही. उपाय असा: आदेशाची प्रमाणित नक्कल काढून स्वतः ग्रामपंचायतीत द्यायची, पोच घ्यायची. एक वही करायची, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही. ३० दिवस गुणिले दोन म्हणजे ६० तास, बेरीज वहीत दिसली पाहिजे. कार्यालय बंद असलेले दिवस मोजायचे की पुढे ढकलायचे हे आदेशात नसेल तर पहिल्याच आठवड्यात कोर्टाकडून स्पष्ट करून घ्यायचे. आजारी पडला तर त्याच दिवशीचा दवाखान्याचा कागद, आठवड्यानंतरचा नाही. शेवटी वहीची प्रत आणि ग्रामपंचायतीचे पत्र पुरसिससोबत (कोर्टाला लेखी कळवण्याच्या कागदासोबत) दाखल करायचे, आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेवार नोंदीत) नोंद झाली का ते पाहायचे.

---

वडाची_पारंबी

पुण्यात मे २०२४ च्या पोर्श अपघातात अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध आणि वाहतूक पोलिसांबरोबर १५ दिवस काम सांगितले होते, तीही सामुदायिक सेवाच ना?

---

तिसरा_पुकारा

नाही. त्या बाल न्याय मंडळाने जामिनाला घातलेल्या अटी होत्या. दोष ठरलेला नव्हता, आणि बीएनएस तेव्हा लागूही झालेले नव्हते. अल्पवयीनांना सामुदायिक सेवेचा आदेश बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १८ खाली होऊ शकतो, पण तो चौकशीत कृत्य सिद्ध झाल्यावर. जामिनाची अट मोडली तर जामीन रद्द होतो. त्याचा वरच्या दोन्ही प्रकारांशी संबंध नाही.

---

थेम्सकाठ

तुलनेसाठी इंग्लंड-वेल्सचे सांगतो, कारण तासांचा प्रश्न तिथे कायद्यातच सोडवला आहे. विनावेतन काम ४० ते ३०० तास, साधारण १२ महिन्यांत पूर्ण करायचे. सबळ कारणाशिवाय पहिली गैरहजेरी झाली की लेखी ताकीद, १२ महिन्यांत दुसरी झाली की प्रकरण कोर्टात. कोर्ट तास वाढवते, २,५०० पौंडांपर्यंत दंड करते, किंवा आदेश रद्द करून मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्याने देते. वकिलांनी आपल्याकडे अर्ज करताना एकूण तास, पूर्ण करायची शेवटची तारीख आणि सही करणाऱ्याचे पद, या तीन गोष्टी आदेशात घालून मागितल्या तर अर्धे वाद होणार नाहीत.

---

कलमदान

@तिसरा_पुकारा, एक मतभेद. १९ वर्षांच्या मुलाला सामुदायिक सेवा मिळाली म्हणून घरचे खूश असतील, पण वकिलाने प्रोबेशन कायद्याचे कलम ३ किंवा ४ मागायला हवे होते. कारण कलम १२. कलम ३ खाली ताकीद देऊन किंवा कलम ४ खाली बॉन्डवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. सामुदायिक सेवा ही शिक्षा असल्याने तिला हे संरक्षण नाही. शिवाय २१ वर्षांखालच्या आरोपीला कैद द्यायची तर कलम ६ प्रमाणे आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणे लिहावी लागतात.

---

तिसरा_पुकारा

कलम ६ कैदेपुरते आहे, सेवेला लागत नाही. परंतुकातली भाषाही ‘शिक्षा दिली जाईल’ अशी बंधनकारक आहे. पण कलम ३ आणि ४ ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ असे सुरू होतात, हे खरे. अपिलात मांडण्यासारखा मुद्दा आहे. सेशन्समध्ये अपिलाला ३० दिवस. अपील कोर्टही कलम ११ खाली प्रोबेशन देऊ शकते.

---

गोदाकाठ

खूप स्पष्ट झाले, आभार. पहिला मुलगा पुढच्या वर्षी पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा म्हणतो. कलम १२ मुळे ‘गुन्हा नाही’ लिहिता येईल का?

---

कलमदान

अजिबात लिहू नये. कलम १२ अपात्रता काढते, दोषसिद्धी पुसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने चल्लप्पन (१९७५) आणि बक्षी राम (१९९०) या निकालांत सांगितले आहे की ज्या वर्तनामुळे दोषी ठरला त्याची खात्याला स्वतंत्र दखल घेता येते. साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये) दोषसिद्धी विचारली असेल तर ‘होय’ लिहून कलम ४ चा आदेश जोडायचा. माहिती दडवली तर नेमणूक त्याच कारणाने जाऊ शकते, अवतार सिंग (२०१६) वाचा. खरे लिहूनही हिंसेच्या गुन्ह्यामुळे पोलीस खाते नाकारू शकते, ही शक्यता धरून चालावे.

आणि कलम १२ चे परंतुक त्याला आज वाचून दाखवा: कलम ४ खाली सोडल्यानंतर पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण मिळत नाही. चाकणच्या त्या दोन हजेऱ्यांवर एवढे अवलंबून आहे.

---

ऐपतदार

अधिकाऱ्यांकडे जाताना चुलत्यांना बरोबर न्या आणि अर्जावर त्यांचीही सही घ्या. मुदतीच्या उत्तरार्धात वर्तन चांगले राहिले तर कलम ८(३) खाली बॉन्डमधून लवकर मोकळे करण्याचा अर्जही अधिकाऱ्यांनाच करावा लागतो. देखरेखीचा आदेश किमान एक वर्षाचा असतो, तेव्हा तो विषय आज काढू नका, वर्ष उलटल्यावर काढा.